दार लावून बसलेल्या पेशी

नाही, तुम्हीच सांगा, माझ्या घराला भिंती नाहीत हो! नुसते खांब आणि वर छप्पर. रस्त्यानं जाणारा कुणी दिसला की हाक मारायची, ‘या, जेवून जा!’ आणि तो ‘नको’ म्हणाला तर अख्ख्या घराण्याचा अपमान! आमच्या सामोआत हे असंच. आणि माझ्याच अंगातल्या पेशी म्हणे दार लावून बसल्यात! इकडे पायाचा अंगठा काळा पडत चाललाय...

झालं काय, चर्चला जायच्या आधी उमूचे, म्हणजे आमच्या उघड्या भट्टीचे, दगड तापवून त्यावर डुक्कर भाजत होतो. मासिना, आमची बायको, ओरडली, ‘अहो, डुक्कर करपतंय!’ बघतो तर करपतंय कसलं डुक्कर, माझाच पाय दगडावर! तुम्हाला सांगतो, भाजल्याचं काही म्हणजे काही कळलं नाही. तसाच दवाखाना गाठला.

दवाखान्यात नर्स कोण, तर आमची भाची लेउता. लागली शिकवायला, ‘मामा, पेशी म्हणजे एक घर समजा. आत केंद्रक, ते घरातलं कर्तं माणूस, सगळे हुकूम त्याचे.’ म्हटलं, म्हणजे मी! ‘तंतुकणिका म्हणजे चुली, साखर जाळून ताकद काढतात. भोवती पातळ पटल, त्यात दारं. साखर दाराशी येते, इन्सुलिन कडी वाजवतं... पण मामा, तुमच्या पेशी दारच उघडत नाहीत. मग साखर रक्तात भटकते, नसा कुरतडते.’ पाहुणा दाराबाहेर? आमच्या घराण्यात? आत चुली विझतायत, बाहेर साखर कुरतडतेय, आणि अंगठा काळा पडत चाललाय...

मला वाटलं, पाहुणा आत येत नाही म्हणजे आपला आग्रह कमी पडतोय! पाठवा अजून साखर! कोकोत वाटीभर जास्त ओतायला लागलो. लेउतानं कपाळ बडवून घेतलं. ‘मामा, सोमवारी अंगठा काढायचा. खाणं आवरलं नाहीत तर मग पाऊल, मग गुडघा...’ खरं सांगतो, भीती वाटते हो. मांडी घालून बसताना गुडघ्यावर हात ठेवतो, आहे ना म्हणून.

आणि गावाला कळलं! काल सगळे अंगठ्याला निरोप द्यायला हजर, प्रत्येकाच्या हातात केक! शेजारची म्हातारी म्हणते, ‘तुझ्यासाठी पहाटे उठून केला रे, एक घास!’ मासिना डोळे वटारतेय, लेउता खांबाआडून खुणावतेय, ‘गुडघा, मामा, गुडघा!’ म्हातारीचा हात तसाच पुढे... माणसानं करावं काय?

खाल्ला. तोंडावर दार लावायला मी काय पेशी आहे?