मंगलचं 'हाय'

अगं, इंग्रजीच्या क्लासपायी आमच्या मामंजींना भलताच संशय आलता! क्लासच्या बाईंनी सांगितलेलं, मैत्रिणीला फोन करायचा आणि ती उलट 'हाय' म्हणेपर्यंत सोडायचं नाही. माझ्या मैत्रिणीनं, मंगलनं लगेच आमच्याकडं फोन लावला. उचलला नेमका मामंजींनी.

"सुजाता?"

"सूनबाई न्हाय घरात."

मंगल गांगरली, पण बाईंचं ऐकलं. "हाय!"

"न्हाय म्हटलं की!"

"हाय!"

"अगं, माझ्या घरात कोण हाय ते मला ठाव न्हाय व्हय?"

"हाय! हाय!"

मामंजींनी फोन आपटला आणि मला घरभर शोधलं. मी परसात भांडी घासत होते. मला आत बोलावून त्यांनी आधी खिडक्या लावल्या, मग हळूच विचारलं,

"तू हाईस हे मला ठाव न्हवतं. तिला कुणी सांगितलं?"