सिस्टर, ते पुसू नका

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष मोठे डॉक्टरसाहेब, वर बसलेले सन्माननीय पाहुणे, ज्यांच्या रिटायरमेंटसाठी आपण सगळे जमलो त्या आमच्या मोठ्या सिस्टर, त्यांच्या घरची मंडळी, आणि खाली बसलेले वॉर्डातले, ऑफिसातले, औषधांच्या खिडकीवरचे सगळे जण, नमस्कार. पाहुण्यांचे हुद्दे मघाशी दोनदा वाचून झालेत. मी परत वाचत नाही. मला वाचायला वेळ लागतो आणि त्यांना ते पाठ आहेत.

मी कोण ते नव्या पोरींना माहीत नसेल. मी लॉन्ड्रीतली मावशी. ह्या दवाखान्याच्या चादरी धुण्यात माझी सगळी नोकरी गेली. चौथीनंतर शाळा सुटली. भाषणाची सवय नाही, रागवायची आहे, आणि आज मी रागावलेली आहे. आधीच सांगून ठेवते.

मघापासून सगळे सिस्टरांबद्दल गोड बोलले. औषधवाले साहेब तर म्हणाले, सिस्टरांनी आपल्याला भरभरून दिलं. टाळ्या पडल्या. मी नाही वाजवल्या. शेजारच्या बाईने कोपर मारलं, "मावशी, टाळ्या!" म्हटलं, हात दुखतात.

हात नव्हते दुखत. काय दुखत होतं ते सांगते.

आपल्या दवाखान्याचं इंटरनेटवर ते पान आहे ना, घरी कोणी अंथरुणाला खिळलं की लोक तिथे प्रश्न विचारतात आणि आपल्यातलं कोणीतरी उत्तर देतं. कोणीतरी म्हणजे कोण? सिस्टरच. बाकीचे अंगठ्याचं चित्र टाकून मोकळे होतात.

आता ह्या बाईंची चाहूल लागली की वॉर्डातली कुजबुज बंद होते. खुद्द मोठ्या डॉक्टरांना "हात धुतलेत का?" विचारणारी ही बाई. डॉक्टरसाहेब हसताहेत, म्हणजे विचारलंय. आणि हीच बाई त्या पानावर प्रत्येक उत्तराखाली काय लिहिते? "उत्तर लांबलं, माफ करा." "जरा जास्तच लिहिलं, राग नसावा." अहो, कोणाची माफी? कशाबद्दल?

मला स्वतःला लांबण लावणारी माणसं आवडत नाहीत. आमची जाऊ फोनवर सुरू झाली की मी फोन ओट्यावर ठेवते, भांडी घासते, आणि मधेमधे "हं" म्हणते. तिला अजून कळलेलं नाही. आज इथे ती आलेली नाही म्हणून बोलतेय. तर अशी मी, लांबलचक उत्तराची बाजू घेऊन उभी राहीन असं मलाही वाटलं नव्हतं.

पण मागच्या वर्षी आमच्या ह्यांची डावी बाजू गेली. मुलाच्या घराजवळच्या दवाखान्यात ठेवलं, मग घरी आणलं. इथे कोणाला बोलले नाही. बोलले असते तर तुम्ही सगळे फळं घेऊन आला असता, पलंगाभोवती उभे राहून हळहळला असता, आणि चहा मला करावा लागला असता.

घरी आणलं त्याच दिवशी चादर ओली झाली. आता बघा, जन्मभर मी चादरी धुतल्या. डाग कशाचा ते लांबून सांगेन. पण वर माणूस झोपलेला असताना खालची चादर बदलतात कशी? मला माहीत नव्हतं. माझ्याकडे चादर यायची ती माणसाशिवाय यायची.

सुनेने त्या पानावर विचारलं. नाव घातलं नाही. लगेच कोणीतरी एका ओळीत उत्तर टाकलं, "कुशीवर वळवा आणि चादर ओढून घ्या." आटोपशीर! मुलाने त्यांचा डावा हात धरला आणि ओढलं. हे असे ओरडले की शेजारीण धावत आली. तिला वाटलं, गेले.

थोड्या वेळाने सिस्टरांचं उत्तर आलं. सून पलंगाच्या पायथ्याशी फोन घेऊन उभी राहिली आणि एकेक ओळ वाचायला लागली. आम्ही मायलेक तसं करत गेलो. "ज्या बाजूचा जोर गेलाय तो हात धरून कधीही ओढू नका, खांदा निसटतो. एक हात खांद्यामागे, एक कमरेमागे."

मुलगा म्हणाला, "थांब गं. कमरेमागे कुठे?"

सून म्हणाली, "अहो, पुढे लिहिलंय!"

खरंच पुढे लिहिलेलं होतं. जुनी चादर लांबीत गुंडाळून पाठीशी लावा. नवी अर्धी पसरा, उरलेली गुंडाळून तिथेच ठेवा. मग त्या गुंडाळीवरून माणसाला ह्या बाजूला वळवा. आम्ही जिथे अडायचो तिथे पुढची ओळ हजर. आणि मग एक ओळ होती, ती मी नंतर स्वतः अक्षर लावून वाचली. "वळवण्याआधी त्यांना सांगा, आता वळवतेय, पाठीला उंचवटा लागेल, मी धरलंय. बरेचदा माणूस दुखतं म्हणून ओरडत नाही, पडेन म्हणून ओरडतो."

मी ह्यांच्या कानाशी वाकले. म्हटलं, अहो, वळवतेय. धरलंय मी. एवढ्या वर्षांच्या संसारात मी त्यांना आधी सांगून काहीच केलेलं नाही, त्यामुळे ते दचकले. पण ओरडले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले. चादर बदलून झाली.

त्या उत्तराच्या शेवटी होतं, "फार लांबलं, माफ करा."

आणि त्याच्या खाली, औषधवाले साहेब, तुम्ही! "वाचेपर्यंत पेशंट बरा होऊन चालायला लागेल." तुमच्या खाली कॉम्प्युटरवाले साहेब, "सिस्टर, आता पुस्तकच छापा." आणि त्याखाली दात काढलेल्या चेहऱ्यांची रांग. मान खाली घालू नका. त्या चेहऱ्यांतले निम्मे इथे समोर बसलेत. आमचं घर त्या ओळींवर चाललं होतं आणि तुम्ही तिथे हसत होतात! वाचायला वेळ नव्हता ना तुम्हाला? मग थट्टा लिहायला कुठून मिळाला?

मग ऑफिसने फर्मान काढलं, उत्तरं चार ओळींत आटपा. सिस्टरांनी ते मनावर घेतलं. एका माणसाने विचारलं, आईला भरवताना ठसका लागतो, काय करू? सिस्टरांनी लिहिलं, "सरळ बसवून भरवा." बस्स. त्याने परत विचारलं, "म्हणजे कसं?" त्याला कोणी उत्तर दिलं नाही. ते "म्हणजे कसं?" अजून तिथे तसंच आहे. कोणाला हसू येतंय का? या, माझ्यासमोर हसा.

आणि आज सकाळी सिस्टर मला पायऱ्यांवर भेटल्या. म्हणाल्या, "मावशी, आज घरी गेले की माझी सगळी उत्तरं पुसून टाकणार. मी गेल्यावर कोणी हसायला नको." मी विचारलं, सगळी? म्हणाल्या, सगळी. पायऱ्यांवर बोलायची ती गोष्ट नव्हती, आणि पुढे माईक मिळणार होता.

सिस्टर, माझ्याकडे बघा. तो पलंग आमचा होता. आज तुम्हाला पहिल्यांदा कळतंय. तुम्ही पुसाल ते काही तुमचं एकटीचं राहिलेलं नाही. उद्या दुसऱ्या कोणाची सून फोन घेऊन पायथ्याशी उभी राहील, तिने काय वाचायचं? ह्यांचे दात?

आणि माझं काम अजून संपलेलं नाही. आमच्या ह्यांनी आता नवीन धरलंय, उभं राहायचंय. जीभ अजून जड आहे, पण "उभा" एवढं स्पष्ट येतं. मुलगा म्हणतो नको, सून म्हणते बघू या. दुपारी घरी मी एकटी. तेव्हा सगळ्यांसमोर विचारते, सिस्टर, त्यांना उभं करू का? आणि करायचं तर कसं?

काय म्हणालात? मोठ्याने बोला. आधाराशिवाय बसतात का? बसतात, जेवण होईपर्यंत बसतात. पाय जमिनीला टेकतात का? नाही हो, लोंबकळतात. पलंग उंच आहे. मग आधी... थांबा, थांबा. इथे नको. हे लिहा. आज घरी गेलात की पानावर लिहा, सून वाचेल. त्या ठसकेवाल्या माणसालाही लिहा. आणि मागची उत्तरं, ती पुसणार का? "आधी हे लिहिते, मग बघू" म्हणताहेत. चालेल. मी ह्या बाईंना ओळखते, त्यांचं "मग बघू" म्हणजे नाही पुसणार.

पण खाली माफी मागितलीत तर मी घरी येऊन भांडेन. आणि कॉम्प्युटरवाले साहेब, ते चार ओळींचं फर्मान आज पानावरून काढून टाका.

अध्यक्षांनी मला थांबवलं नाही, पाहुण्यांनी घड्याळाकडे बघत का होईना ऐकून घेतलं, दोघांचे आभार. बोलण्यात शब्द इकडेतिकडे गेला असेल तर सांभाळून घ्या. औषधवाल्या साहेबांना लागलं असेल तर ते लागावं म्हणूनच बोलले, बाकी कोणाला चुकून लागलं असेल तर पोटात घाला. नमस्कार.

सिस्टर, एक राहिलं. त्या पलंगाला चाकं आहेत, आणि खिडकीकडच्या चाकाचा ब्रेक लागत नाही. त्याचंही लिहा.