एका मिनिटात एकतीस शब्द

आई : अक्षया, कानातले इअरफोन काढ आणि नीट उत्तर दे. प्रश्न चौथा. शाळा कोणत्या वर्गात सोडली?

मी : तुला माहीत आहे यार.

आई : मला माहीत असून काय उपयोग? फॉर्म चालतो का ते बघायचंय. उद्या तीन जिल्ह्यांच्या शिक्षण ऑफिसर्सना आमची टीम हाच शिकवणार आहे. मुलं शाळा का सोडतात, ते त्यांनी घरोघरी जाऊन भरायचं.

मी : आणि ट्रायलसाठी तुला घरातच एक मिळाली. बढिया.

आई : वर्ग.

मी : नववी. अर्धी.

आई : आता कारण. यातलं एकच निवड. घरची परिस्थिती, लग्न, आजारपण, गाव बदललं, घरकाम, अभ्यासात रुची नाही.

मी : बस, एवढीच?

आई : रुची नाही, असं टिक करते.

मी : का? मी म्हटलं तसं?

आई : दप्तर बाल्कनीतून खाली फेकलंस तू. गाझियाबादची अख्खी सोसायटी बघत होती.

मी : फेकलं. पण रुची नव्हती म्हणून फेकलं, हे तुला कोण बोललं? माझं नाव लाल यादीत टाकून वर्गाच्या दारावर चिकटवलं होतं. रोज एक तास सहावीच्या पोरांबरोबर सतरंजीवर बसायचे मी. गुडघे कुठे ठेवू कळायचं नाही. एक पोरगा मला 'फेल दीदी' म्हणायचा. प्रेमाने म्हणायचा, ते अजून वाईट.

आई : ती यादी मदतीसाठी होती गं. ज्यांचं वाचन मागे आहे त्यांना जास्त वेळ मिळावा म्हणून. ही पद्धत आमच्याच टीमने सगळ्या शाळांना दिली होती. आणि वाचनाच्या टेस्टमध्ये तुझे मिनिटाला एकतीस शब्द आले होते. रिपोर्ट पाहिलाय मी.

मी : रिपोर्ट पाहिलास. मी मध्येच का थांबले, ते होतं त्यात?

आई : थांबलीस?

मी : गुड़ियाची गोष्ट होती. 'गुड़िया आठ बजे घर से निकली और साढ़े सात बजे स्कूल पहुँची.' मी म्हटलं, मॅडम, हे कसं झालं? म्हणाली, आगे पढ़ो, घड़ी चल रही है. मी म्हटलं, पहले बताओ ना. म्हणाली, बहस मत करो. संपलं मिनिट.

आई : असं नसेल. तीन जणांनी तपासलंय ते.

मी : लॅपटॉप तुझ्याच मांडीवर आहे. उघड.

(आई लॅपटॉप उघडते आणि गोष्टीची फाईल शोधून वाचते.)

आई : आधी 'सात बजे' होतं. थंडीत शाळा उशिरा भरते, म्हणून आमच्या ऑफिसातल्या विनय सरांनी वेळ बदलायला सांगितली. मी निघायची बदलली.

मी : आणि पोहोचायची राहिली.

आई : दीड वर्ष झालं. एकाही शाळेतून या चुकीबद्दल काही आलं नाही.

मी : कसं येणार? जे न थांबता धडाधड वाचत गेले ते हिरव्या यादीत बसले. 

आई : ही गोष्ट मी लिहिलीय, माहीत होतं तुला?

मी : खाली बारीक अक्षरात तुझं नाव होतं ना. त्याच संध्याकाळी तुला फोन केला. तू पानिपतला होतीस, ट्रेनिंगला. म्हणालीस, मॅडमचं ऐक बेटा, वाद घालू नको, आल्यावर बोलू.

आई : मग आल्यावर?

मी : आल्यावर तू मला तिथल्या शाळांचे फोटो दाखवलेस.

आई : परत सांगायचं होतंस.

मी : विचारायचं होतंस.

आई : पण एवढ्याशा चुकीसाठी कोणी शाळा सोडतं का?

मी : चुकीसाठी नाही सोडली. चूक दाखवली म्हणून मला खाली बसवलं. शाळेत मॅडम म्हणे बहस मत करो, घरी तू म्हणे वाद घालू नको. मग मी कोणाकडे जायचं होतं? वॉचमनकडे?

आई : उद्या फॉर्मसोबत ही टेस्टपण जाणार आहे. एकशे चाळीस शाळा. छापून झालीय.

मी : मग थांबव.

आई : आत्ता? सर विचारतील, इतक्या दिवसांनी कुठून कळलं?

मी : सांग, तुला दिसलं.

आई : खोटं का बोलू? तू पकडलंस. सांगते ना, माझ्या मुलीने पकडलं.

मी : नववीत शाळा सोडलेल्या मुलीने. तुझ्या ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे. म्हणतील, लाल यादीतलीच ती, राग काढतेय. आणि गठ्ठे जातील तसेच.

आई : अक्षया...

मी : लाव फोन.

आई : हॅलो, विनय सर? रुचिता बोलतेय. सॉरी, रविवारी त्रास देतेय. ती गुड़ियाची गोष्ट आहे ना, तिच्यात वेळ चुकलीय. हो सर, सगळं परत घ्यावं लागेल. हो, जबाबदारी माझी. नाही नाही, कोणी सांगितलं नाही. माझ्याच लक्षात आलं.