हिरवी साडी

खळ्ळकन आवाज झाला व्हता बघ, गोजरे— दाजी गेले त्या दिवशी बायांनी तुझ्या बांगड्या फोडल्या तवा. चौदा वर्सं झाली, अजून कानात हाय. आन् तरीबी कोर्टात मी काय बोलून बसलो! बस गं, यष्टीला येळ हाय. का भावाशेजारी बाकड्यावर बसायलाबी तुझ्या वकीलबाईची परवानगी लागती?

काय पण ती वृषाली वकील! माझ्या नातीएवढी, आवाज असा मऊ, वाटलं पाणीच पाजायला आलीया. आमचा वकील दोन तास कायदा वरडला. हिनं एवढंच इचारलं— 'आबा, बहिणीनं राजीखुशीनं रानावरचा हक्क सोडला, तवा साडीचोळी केली का?' म्हणलं, व्हय तर! रीतच हाय. 'रंग कोणता?' म्हणलं, हिरवागार, जरीकाठी! गप हसली. दाजींच्या मरणाचा दाखला काढून हक्कसोडीच्या कागदाशेजारी ठेवला. मधी एकच महिना. 'विधवा बहिणीला हिरवं नेसवलंत, आबा?' जजसायेब माझ्याकडं बघत्यात, मी पंख्याकडं!

हस, हस. आता जजसायेबांचा हुकूम हाय म्हणं, हक्कसोड करताना भावाला दाराभाईर काढायचं, मग बाईला कागद वाचून दाखवायचा. म्हंजी इंदापूरच्या कचेरीत आमी भावांनी चपला राखायच्या! काल पळसदेवात गावानं वकीलबाईला फेटा बांधला. मला बांधाया पायजे— खटला तर मीच जिंकून दिला तिला!

हे घे. पिशवीत बघ तरी. व्हय, हिरवीच हाय. कोर्टात खोटं बोललो ते आज खरं केलं. लोकं काय म्हणायचं ते म्हणू दे, तू नेस. रान घे, मोजणी आण, मी आडवा येत न्हाय— पण दिवाळीला ये. तू न्हाय आलीस तर भाऊबीजेला मला कुणी ओवाळायचं?

काय? कागद लिवणाऱ्यानं मलाबी फसवलं? आगं, साक्षीतबी तू हेच म्हणालीस— माझा भाऊ भोळा. तो लिवणारा मला काय फसवतोय! पेन्शनीचा कागद हाय असं सांगून तुला मीच न्हेलं. न्हायतर तू धा गोष्टी इचारत बसली असतीस. तुझा हात धरून मीच अंगठा दाबला—

...

आगं, उठलीस का? यष्टी कुठं लागलीया अजून?

गोजरे, पिशवी राहिली... गोजरे—