तॉनेच्या मुलाचं झाड

नाव: नॉ मूवा. वय: सत्तेचाळीस. धंदा: शेती. राहणार: मेलोकी, डोंगरवस्ती, प्रांत माए होंग सोन.

मी ठाण्यात स्वतः हजर असून विचारल्यावरून सांगते की, मयत सॉ थूले हे माझे पती. सॉ तॉने हा माझा सख्खा धाकटा भाऊ. मला थाई नीट येत नाही. मी आमच्या कारेन बोलीत सांगते आहे आणि आमच्या शाळेचे मास्तर ते साहेबांना सांगत आहेत.

वस्तीच्या वरच्या अंगाला रान आहे. मूल जन्मलं की बाप त्याची नाळ बांबूच्या नळीत घालून तिथल्या एका झाडाला बांधतो. मुलाचा जीव त्या झाडात राहतो. ते झाड कोणी तोडत नाही. माझी मुलगी एपॉ हिचं झाड तिथेच आहे. ती चियांग माईला शिवणकामाच्या कारखान्यात असते.

तॉनेचा मुलगा लहानपणीच तापाने गेला. तॉनेने आधी झाडाला कोंबडी दिली, पोराच्या मनगटाला दोरे बांधले, मग दवाखान्यात नेलं. तिथे उशीर झाला म्हणाले. त्यानंतर तो त्या रानात गेला नाही.

यंदा त्याने मक्याचं शेत वर रानात वाढवायचं ठरवलं. माझे पती त्याला म्हणाले, "तिथं पोरांचा जीव आहे, तॉने."

तॉने म्हणाला, "दाजी, माझ्या पोराचं झाड अजून हिरवंगार आहे. पोर कुठंय?"

मी भात वाढला. दोघे जेवले.

गेल्या मंगळवारी सकाळी पती रानात जाऊन एपॉच्या झाडाला पाठ टेकून बसले. मी पाणी घेऊन गेले. तॉने झाडं कापायचं मशीन घेऊन आला.

"दाजी, उठा. मुंग्या चावतील."

"चावू देत. तू मशीन घरी ठेव."

"ताई, तू तरी सांग यांना."

मी सांगितलं नाही. तॉने म्हणाला, "बरं. तुमच्या लेकीच्या झाडाला हात लावत नाही. माझं तर माझं आहे ना?" त्याने थोडं वर जाऊन त्याच्या मुलाच्या झाडाला मशीन लावलं.

मी पतींकडे पाहिलं. ते म्हणाले, "ते त्याचं आहे." त्यानंतर ते बोलले नाहीत.

झाड पलीकडे पडलं, जसं पाडायचं होतं तसंच. पण शेंड्याकडून एक जाड वेल एपॉच्या झाडावर गेली होती. तिच्या ओढीने एपॉच्या झाडाची फांदी मोडून पतींच्या अंगावर आली. तॉनेने मशीन टाकलं आणि त्यांना पाठीवर घेऊन सडकेपर्यंत पळाला. मी त्यांचे पाय धरले होते. सडक यायच्या आधी ते माझ्या हातात जड आणि गार झाले. मी तॉनेला सांगितलं नाही. तो पळत होता.

जंगल खात्याच्या साहेबांनी किती झाडं तोडली विचारलं. मी म्हटलं, एक. ते कोणाचं, हे त्यांनी विचारलं नाही. ते म्हणाले, "रान सरकारचं आहे, तिथं माणसांचं काही नसतं."

एपॉ दुसऱ्या दिवशी आली. मी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. ती म्हणाली, "आई, मला काय बघतेस?"

तॉनेचा हेतू काय होता, असं मला विचारलं. त्याला वेल दिसली नाही. मलाही दिसली नाही. माझी त्याच्याबद्दल तक्रार नाही.

तो बाहेर बाकावर बसला आहे. पतींना पुरल्यापासून त्याने काही खाल्लेलं नाही. आम्ही त्याच्या मोटारसायकलवर आलो. मला ती चालवता येत नाही. त्याला ठेवून घेणार असाल तर आत्ताच सांगा, म्हणजे उजेड आहे तोवर मी चालायला लागते.

हे सगळं मास्तरांनी मला आमच्या बोलीत वाचून ऐकवलं. मी बोलले तेच यात आहे. खाली अंगठा माझा.