मागचा उजवा फुगा

भैय्यालाल : बटन दाबू नको, भाऊ! मी खालीच आहो अजून.

(कोहमाऱ्याच्या चौकातलं ढाब्याचं आवार. लोकेंद्रची मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घरच, मागून उजवीकडे कललेली. खाली मिस्त्री भैय्यालाल, दारात लोकेंद्रची माय धनवंता. आत पलंगावर लोकेंद्रचे वडील पुरनलाल. नागपूरच्या डॉक्टरांनी हात टेकले, म्हणून त्यांना बिरसीला घरी न्यायला निघालेत.)

लोकेंद्र : नाही दाबत. पण काऊन बसली ते तर सांग. कंप्रेसर चालूनच राहिला ना!

भैय्यालाल : चालून काय करते? साबणाचं पाणी मारलं तं बुडबुडेच बुडबुडे. मागच्या उजव्या चाकावरचा हवेचा फुगा फाटला, पाट्याच्या जागी गाडी तोलते तो. मागून उचलून चालवत होता काय?

लोकेंद्र : डॉक्टर म्हणे, डोकं उंच ठेवा. बाबूजीचं डोकं मागच्या अंगाले. म्हणून म्या मागची हवा फुल्ल केली.

भैय्यालाल : अरे भाऊ, ते बटन उभी गाडी सपाट करायसाठी रायते. फुगा टम्म भरून नागपूरपासून धक्के खाल्ले त्यानं. उशी नव्हती काय?

लोकेंद्र : होती.

धनवंता : लोकेंद्र, त्याईचं डोकं खालतं झालं. घरघर लागली.

लोकेंद्र : उशा लाव, माय!

धनवंता : लावल्या. पलंगच कलला, उशाबी घसरून राहिल्या.

लोकेंद्र : भाऊ, जॅक लाव. ठोकळा लाव. काहीबी कर.

भैय्यालाल : लावतो. गाडी उभी राहीन, पण चालणार नाही.

लोकेंद्र : मंग ॲम्बुलन्स बोलावतो.

धनवंता : नको. त्याईनंच नाही म्हटलं होतं. ॲम्बुलन्स आली का गाव म्हणते, मुडदा आणला. म्हणून तं तुह्या गाडीत खुशीनं बसले.

लोकेंद्र : मंग मी करू काय, माय?

धनवंता : मिस्त्री, बाकीच्या फुग्यायची हवा सोडली तं?

भैय्यालाल : पुरी खाली बसन, काकी. सपाट. पायरी जमिनीले लागन.

धनवंता : तं सोडा.

लोकेंद्र : कायले? मंग इथून हालणारच नाही गाडी!

धनवंता : हालवाची नाही आता. त्याईले भुईवर घ्या लागते. पलंगावर जीव जाऊ देऊ काय?

लोकेंद्र : असं नको बोलू. तासाभराचा रस्ता राहिला.

धनवंता : तासभर कोणापाशी हाये, बापा?

लोकेंद्र : माह्याच हातानं झालं हे, माय. चांगलं कराले गेलो न्...

धनवंता : रडजो मंग. आधी हवा सोड.

भैय्यालाल : मी निघालो खालून. दाब, भाऊ. ... हं. बसली. त्या निंबाखाली जागा झाडून देतो, काकी. सारवाले शेण नाही भेटणार इथं.

धनवंता : पाणी शिंपडा, भाऊ. तेवढं पुरे.

लोकेंद्र : माय, ओठ हालून राहिले त्याईचे. काय म्हणतात?

धनवंता : गाव आलं काय, विचारून राहिले.

लोकेंद्र : मंग?

धनवंता : म्या सांगतलं, आलं. मी डोकं धरतो, तू पाय धर.