सोळा की पंधरा

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा माननीय महमुदाताई, व्यासपीठावरच्या पाहुण्या आणि मला या वयात पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या स्पीच थेरपिस्ट आतिका मॅडम, सत्कारमूर्ती जमालुद्दीनभाई, नसीमाभाभी, आणि झिंजसारख्या गजबजलेल्या भागात पार्किंग मिळवण्याचा पराक्रम करून इथवर पोचलेल्या तमाम बंधुभगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. मी सावकाश बोलतो हे तुम्ही जाणताच, तेव्हा माझी पाच म्हणजे तुमची दहा धरा. मध्येच एखादा शब्द अडला तर कृपा करून कुणी पुरवू नका. मी शोधतो. सापडतो तो.

जमालभाई तेहेतीस वर्षं इथे बहरीनमध्ये, तुबलीच्या गॅरेजात घालवून येत्या गुरुवारी कायमचे दापोलीकडे, आपल्या गावी चाललेत. त्यांच्या हातात काय जादू आहे ते आधीच्या वक्त्यांनी सांगितलं. खरं आहे ते. पण मी त्यांना ओळखतो ते एक नंबरचा भांडखोर माणूस म्हणून. आमचं भांडण तेवीस वर्षं चाललंय. विषय एकच, अमेरिकेचा आजवरचा सर्वांत मोठा फुटबॉल गोलकीपर कोण?

हसा, हसा. आमच्या घरचेही हसतात. मी पुण्याचा एसी इंजिनिअर, हे कोकणातले, दोघं राहणार बहरीनमध्ये, आणि जीव टाकायचा अमेरिकेच्या गोलकीपरवर! आमच्या सौ., सुनीता, म्हणतात, लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्याला निदान पीठ तरी मळावं लागतं.

याची सुरुवात कशी झाली, सांगतो. जून दोन हजार दोन. शुक्रवारची दुपार, बाहेर भट्टी पेटलेली, आणि माझ्या गाडीचा रेडिएटर उकळलेला. ढकलत ढकलत तुबलीला नेली. गॅरेजात टीव्हीवर वर्ल्ड कप, पोलंड आणि अमेरिका. अमेरिका तीन गोलांनी मागे. सामना हातचा गेलेला. अशात पोलंडला पेनल्टी मिळाली, आणि अमेरिकेच्या फ्रीडलनं ती झेपावून अडवली. मला काय झालं कोण जाणे, मी टाळ्या पिटायला लागलो. हरत असतानाही हा माणूस हरल्यासारखा खेळत नाही, म्हणून. तेवढ्यात एका गाडीखालून आवाज आला, "त्यात काय एवढा? बाकावर बसलाय तो केलर याच्यापरीस बरा."

मी म्हटलं, तुम्हाला विचारलं कुणी? तशी गाडीखालून हे महाशय सरपटत बाहेर आले, तोंडाला ग्रीस. "अठ्ठ्याण्णवला केलरनं ब्राझीलला एक गोल घालू दिला नाय. बघितलाव काय तुम्ही?" रेडिएटर अर्ध्या तासात झाला. मी तिथून निघालो संध्याकाळी.

पुढे अमेरिकेच्या गोलात हॉवर्ड आला आणि या गृहस्थांनी जराही लाज न बाळगता पक्ष बदलला. मी मात्र फ्रीडलचाच. मी म्हणायचो, इंग्लंडच्या लीगमध्ये सलग तीनशे दहा सामने, एकही न चुकवता! हे म्हणायचे, वर्ल्ड कपात बेल्जियमविरुद्ध हॉवर्डनं एका मॅचला सोळा गोल अडवले! आता त्या दिवशी सगळीकडे सोळाच सांगितले होते, पण मागाहून फिफानं पंधरा धरले. जमालभाईंसमोर पंधरा म्हणून बघा, हातातला घास खाली ठेवतात. एकदा आमची कस्तुरी, तेव्हा दहा वर्षांची, वैतागून म्हणाली, "बाबा, व्हॉट अबाउट ब्रायना स्करी? शी वन अ वर्ल्ड कप!" नव्व्याण्णवला महिलांच्या वर्ल्ड कप फायनलमध्ये चीनची पेनल्टी अडवणारी ती. तुमच्या दोघांच्या हिरोंनी कप कधी उचललाय का, असं पोरीनं विचारलं आणि आम्ही दोघांनी चहाचे कप उचलले. दुसऱ्या दिवसापासून वाद पुन्हा पुरुषांवर आला. चुकलंच आमचं.

आता जरा... थांबा. हं.

दोन वर्षांपूर्वी मला पक्षाघात झाला. हात-पाय वाचले, वाचा गेली. मनात ‘पाणी’ हा शब्द असायचा आणि तोंडातून ‘चावी’ निघायचा. नंतर तर तेही निघेना. आतिका मॅडम चित्रं दाखवायच्या, कंगवा, कप, चिमणी. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस मी, मला कंगवा म्हणता येत नव्हतं. लाज वाटायची हो. मी भिंतीकडे तोंड करून पडायला लागलो. भेटायला येणारे एकतर बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्यानं बोलायचे, नाहीतर माझं वाक्य स्वतःच पुरं करून टाकायचे. चांगुलपणानंच, पण मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

जमालभाईंनी दोन्ही केलं नाही. ड्युटी सुटली की साडेपाचला हॉस्पिटलात यायचे, स्टूल ओढायचे आणि धडधडीत खोटं बोलायला सुरुवात करायचे. "काय वो शेखरभाऊ, तुमच्या फ्रीडलनं सलग दोनशेच मॅच खेळल्यान ना?" मी पलंगावर हात आपटायचो. "नाय? मग बोला किती." कुठून बोलणार! दुसऱ्या दिवशी म्हणे एकशेऐंशी. तिसऱ्या दिवशी म्हणे त्या पोलंडच्या पेनल्टीला चेंडू बारला लागून गेला, फ्रीडल नुसता आडवा पडला. माझ्या अंगाची लाही व्हायची. एकदा मात्र हळूच म्हणाले, "हॉवर्डला टुरेट हाय, ठाव हाय ना? अंगाला नको तवा झटके येतात. त्याचा अंग त्याचा ऐकत नाय, तरी तो पोस्ट सोडत नाय. तुमची नुसती जीभ ऐकत नाय."

बाराव्या दिवशी हे म्हणाले, दीडशे. आणि माझ्या तोंडातून निघालं, "तीन... तीनशे दहा, गाढवा!"

सुनीता बाहेर कॉरिडॉरमध्ये होती. ती धावत आली आणि दारातच मटकन बसली. जमालभाई म्हणाले, "खलास! भाभी, आता यांना काय धाड भरत नाय," आणि पाठ करून खिडकीशी उभे राहिले. ते रडत होते. आज सांगतो, रागावू नका भाई. आतिका मॅडमनी आपली चित्रं त्या दिवशी पिशवीत घातली आणि म्हणाल्या, उद्यापासून फुटबॉलच.

पुढे नसीमाभाभींनी मला एक गोष्ट सांगितली. रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत हे गॅरेजातल्या कामाच्या जॉबकार्डाच्या पाठीवर उद्या कोणतं खोटं बोलायचं ते लिहून ठेवायचे. कालचं पुन्हा होऊ नये म्हणून.

आणि हाच माणूस आता गप्प झालाय. व्हिसा कॅन्सल करायला दिला त्या दिवसापासून बघतोय मी. गावी घर बांधलं, पण राहिले तिथे रजेपुरते. बरोबरीचे कोण उरले, आपल्याशी कोण बोलणार, हे त्यांच्या मनात आहे. समितीला सांगितलं, मला भाषण सांगू नका. परवा मी मुद्दाम म्हटलं, हॉवर्ड काही खास नव्हता. तर म्हणाले, "बरोबर हाय तुमचा." मंडळी, तेवीस वर्षांत पहिल्यांदा! मला रात्रभर झोप नाही.

मी ठरवलं होतं, आज सगळ्यांसमोर हार मानायची. जमालभाई, हॉवर्डच मोठा, म्हणायचं. निरोपाची भेट. सुनीता म्हणाली, "अहो, वाद मिटवलात तर ते फोन कशाला करतील?" पटलं मला. तेव्हा भेट रद्द.

आता काय कौतुक करायचं तुमच्या त्या हॉवर्डचं? बेल्जियमविरुद्ध अडवून अडवून अडवले किती त्यानं? अकराच ना?

काय? ऐकू आलं नाही, भाई. अकराच होते. मोठ्यानं बोला, मागच्या रांगेपर्यंत जाऊ दे.

सोळा! ऐकलंत मंडळी? उभे राहून म्हणतायत, सोळा! अहो भाई, फिफा पंधरा म्हणते... नाही, नाही, बसू नका. असेच इकडे या.

महमुदाताई, समिती, आपण मला बोलू दिलंत आणि मध्ये एकही शब्द पुरवला नाहीत, आपले मनापासून आभार. बोलताना शब्द इकडचे तिकडे झाले असतील, वेळ तर जास्तच घेतला. त्या सगळ्याची क्षमा असावी. अकरा म्हणालो त्याची मात्र मागत नाही. ते काल दुपारी लिहून ठेवलं होतं.

या जमालभाई. माइक घ्या, आणि सांगा यांना मी कुठे चुकलो ते.